आजारी मासा विकत घेणं ही जीवदया नव्हे



गेल्या चातुर्मासात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एका निळ्या माशाचा फोटो आला होता, आठवतोय? खोपोलीच्या माझ्या नणंदेनं टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘दुकानात आजारी पडून होता, कोणी घेत नव्हतं, आम्ही घरी आणला. जीवदया.’ त्यावर कितीजणींनी हात जोडले! मीही जोडले. वर ‘ताई, फार पुण्याचं काम केलंत’ असंही लिहिलं.

पाचव्या दिवशी तो मासा मेला. त्याच्या मरणात माझा वाटा आहे, म्हणून आज लिहायला बसले आहे. ताईंना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, ‘लिहा वहिनी, पण माझी एकटीची चूक म्हणून लिहू नका, तुमचीही लिहा.’ तशीच लिहिते.

झालं ते असं

आमच्या कर्जत-खालापूर भागात डोंगराच्या पायथ्याला मुंबईकरांचे बंगले किती झालेत, तुम्ही पाहताच. हौस असेपर्यंत सगळं असतं. बंगला विकला की कुत्रं, झाडं, मासे कुणाच्या तरी गळ्यात पडतात. अशाच एका बंगल्यातली काचेची मोठी टाकी, पंप आणि दिवा ताईंच्या घरी फुकट आला. भाचा बारा वर्षांचा. ‘फाइंडिंग नेमो’ पाहून वेडा झालेला. खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे म्हणून हटून बसला. दोन नारिंगी-पांढरे क्लाऊनफिश आले.

तीन आठवड्यांनी ताई मुंबईला गेल्या होत्या. माशांच्या खाद्यासाठी एका दुकानात शिरल्या. तिथं कोपऱ्यात हा निळा मासा एका कुशीवर कलून उभा होता. शेपटीचा पंखा फाटलेला. दुकानदार म्हणाला, ‘अर्ध्या भावात घेऊन जा, नाहीतर मरेलच इथं.’ ताईंचं मन कोवळं. रविवारी संध्याकाळी पिशवीतून मासा खोपोलीला आला आणि थेट मोठ्या टाकीत गेला.

सोमवारी त्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. वरून रवा भुरभुरावा तसे. मासा दगडावर अंग घासत होता. ताईंचा फोन आला, ‘वहिनी, जरा येता का?’ मंगळवारी दुपारी मी कर्जतहून खोपोली लोकल पकडली. मला माशातलं काय कळत होतं? काहीच नाही. पण घरातल्यांना वाटतं, ही धर्मावर लिहिते, हिला विचारावं.

भाच्यानं तोवर सगळं शोधून ठेवलं होतं. हा रोग कोणता, त्यावर तांबं असलेलं औषध देतात, त्यासाठी वेगळी टाकी लागते. मंगळवारी संध्याकाळी ताईंचे यजमान बाटली घेऊनही आले. बाटली पाहून मी विचारलं, ‘यानं नक्की काय होतं?’ भाचा म्हणाला, ‘मामी, अंगावरचे जंतू पाण्यात उतरले की मरतात.’

आणि मी म्हटलं, ‘म्हणजे लाखो जीव मारून एक वाचवायचा? ही कुठली जीवदया? त्याचं आयुष्यकर्म असेल तर वाचेल. आपण णमोकार म्हणू.’

घरात कोणी उलट बोललं नाही. बाटली फळीवर गेली. आम्ही णमोकार म्हटला. सासूबाईंनी फोनवरून गंधोदक पाण्यात घालायला सांगितलं. तेवढं मात्र मी नको म्हटलं, कारण आपल्याकडे पंचामृताचा अभिषेक असतो आणि दूध पाण्यात नासेल एवढं मला कळत होतं. बुधवारी मासा पंपाच्या तोंडाशी उभा राहून भराभर श्वास घेत होता. गुरुवारी पहाटे तळाशी होता. भाच्यानं मला एवढंच विचारलं, ‘मामी, औषध घरात होतं ना?’

माझी चूक कुठं झाली

त्यानंतर मी बराच विचार केला. मैत्रिणींनो, आपल्या मुलाच्या पोटात जंत झाले तर आपण जंताचं औषध देतो की नाही? डोक्यात उवा झाल्या, जखमेत पू झाला, टायफॉईड झाला, तर डॉक्टरांकडे जाताना आपण ‘आयुष्यकर्म’ म्हणून घरी बसतो का? नाही बसत. औषध देतो, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात जे घडलं त्याची आलोचना करतो. श्रावकानं संकल्पी हिंसा सोडायची. आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा कमीत कमी करायची, असंच आपण लहानपणापासून ऐकलं आहे. संसारात राहून शून्य हिंसा जमत नाही, म्हणूनच आपली अणुव्रतं आहेत आणि मुनिराजांची महाव्रतं.

मग माशाच्या वेळीच मला ‘लाखो जीव’ कसे आठवले? खरं सांगते. मासा आपला नव्हता म्हणून. औषध द्यायचं म्हणजे वेगळी टाकी, रोज पाण्याची तपासणी, आठवडे राबणं. णमोकार म्हणणं सोपं होतं. मी मंत्राचा आळशीपणासाठी आडोसा केला. मंत्राला दोष नाही, मला आहे.

दिल्लीच्या लाल मंदिरातलं पक्ष्यांचं रुग्णालय तुम्हाला ठाऊक असेल. आपल्याच समाजानं उभं केलेलं. तिथं जखमी कबुतराला मलमपट्टी करतात, औषधं देतात. भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ पासूनची. तिथंही आजारी जनावराला औषधाविना ठेवत नाहीत. आपल्या वाडवडिलांना जंतूंची हिंसा कळत नव्हती असं नाही. दारात आलेल्या मुक्या जिवाला वेदनेत टाकून आपले हात स्वच्छ ठेवणं ही अहिंसा नव्हे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून पहिली गोष्ट ठासून सांगते. मासा घरात आला असेल आणि आजारी पडला, तर त्याच दिवशी उपचार सुरू करा. सल्ला माशातलं कळणाऱ्याला विचारा, माझ्यासारखीला नको.

नवीन मासा आजारी असेल तर

निळा मासा गेल्यावर आठवडाभरात दोन्ही क्लाऊनफिशच्या अंगावर तसेच ठिपके आले. या वेळी मी तोंड बंद ठेवलं आणि हात चालवले. तेव्हा जे शिकलो ते इथं देते, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी टाक्या आहेत, मला माहीत आहे.

नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नये. पहिली मोठी चूक हीच. बाजूला साधी काचेची टाकी लावा. ६० ते ८० लिटरची पुरते, मासा मोठा असेल तर जास्त. त्यात वाळू नको, दगड नकोत. लपायला प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा, स्पंजचा फिल्टर, हवेचा पंप, थर्मामीटर, बस्स. महिनाभर मासा तिथं राहू द्या. रोग असेल तर तिथंच दिसतो आणि बाकीच्यांना लागत नाही.

पिशवी उघडायच्या आधी ती बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टाकीवर तरंगू द्या, म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखं होईल. दुकानातलं पाणी किती खारं आहे ते विचारून आपल्या टाकीचं पाणी आधीच तेवढं करा. पिशवी उघडल्यावर मासा तासन्‌तास त्यात ठेवू नका. प्रवासात त्याच्या विष्ठेचा अमोनिया पाण्यात साठतो आणि हवा लागली की तो जास्त जहरी होतो. मासा हळूच उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पाणी समुद्राइतकं खारं लागतं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यासाठी माशांकरता मिळणारं मीठ वापरायचं, आपल्या डब्यातलं नाही. तापमान २५-२६ अंश. अमोनिया शून्य असला पाहिजे. ताईंच्या टाकीत तो शून्य नव्हता, कारण टाकी जेमतेम तीन आठवड्यांची. अमोनियाचं रूपांतर करणारे सूक्ष्म जीव टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर पाणी दिसतं स्वच्छ पण असतं विषारी. म्हणजे आजारी माशाला आम्ही आणखी विषात सोडलं होतं. उपचाराच्या टाकीत रोज तपासणी करा आणि लागेल तसं पाणी बदला.

रव्यासारखे सुटे ठिपके दिसले तर तो क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. पिठीसारखी बारीक धूळ अंगभर दिसली आणि श्वास जोरात असेल तर तो दुसरा, मखमली रोग. त्यात तर तासांचा हिशोब असतो. पहिल्याचं चक्र असं. तो माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाला चिकटतो, तिथं एकाचे शेकडो होतात आणि काही दिवसांनी, कधी कधी काही आठवड्यांनी, बाहेर पडून नवा मासा शोधतात. दीड-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात. म्हणून अंगावरचे ठिपके गेले की रोग गेला असं समजू नका. ते फक्त खाली उतरलेले असतात.

तांब्याचं औषध वेगळ्या टाकीतच द्यायचं, बाटलीवर लिहिलेल्या मापानं आणि तांबं मोजायचं किट जवळ ठेवून. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर मासाच मरतो. मोठ्या टाकीत ते घातलं तर तिथले शिंपले, झिंगे, किडे सगळे मरतात. दोन औषधं एकत्र घालू नका. हळद, कडुलिंब, तुरटी असले घरगुती प्रयोग मुळीच करू नका.

आम्ही दुसरी रीत धरली. दोन टाक्या घ्यायच्या आणि दर तीन दिवसांनी मासा एकीतून दुसरीत हलवायचा. असं चार वेळा, बारा दिवस. अंगावरून गळलेला परजीवी तळाशी राहतो आणि त्याची पिल्लं बाहेर पडायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. रिकामी टाकी धुऊन कोरडी ठणठणीत वाळवायची. यात औषध नाही. पण ‘हिंसा नाही’ असं मी म्हणणार नाही. टाकी वाळवताना ते जीव मरतातच. मनाचं समाधान करून घ्यायला मी एकदा फसले, पुन्हा फसायचं नाही.

मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवली, म्हणजे उरलेले परजीवी उपाशी मरून संपतात. तोवर मासा छोट्या टाकीतच. श्रावणात दिवे गेले की हवेचा पंप बंद पडायचा. भाचा आणि मी पाळीपाळीनं तांब्यानं पाणी वर घेऊन धार सोडत बसायचो, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो आधी घेऊन ठेवा.

फाटलेला पंख स्वच्छ पाण्यात आपोआप भरतो. कडा लाल झाली किंवा कापसासारखं काही दिसलं तर जंतुसंसर्ग समजा आणि जाणकाराला दाखवा. गायी-म्हशींच्या डॉक्टरांना सगळ्यांनाच मासे कळतात असं नाही, तेव्हा माशांवर काम करणारा माणूस शोधा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथून शिकून बाहेर पडलेले लोक आपल्या कोकणात आहेत.

एवढं करून दोनातला एक क्लाऊनफिश वाचला.

आता खाण्याचं बोलू

इथं मला कडू बोलायचं आहे. आपण कांदा-लसूण, बटाटा, गाजर घरात आणत नाही. शेवाळाला अनंतकाय म्हणून हात लावत नाही. बिस्किटाचा पुडा उलटून बारीक अक्षरं वाचतो. मग माशांच्या खाद्याचा डबा कधी उलटून पाहिला आहे? फिश मील, श्रिंप मील. माशांची आणि झिंग्यांची पूड. क्लाऊनफिशला बारीक झिंगेच लागतात. गोठवलेल्या झिंग्यांच्या वड्या फ्रिजमध्ये ठेवतात. निळ्या माशाला पाण्यातले सूक्ष्म किडे आणि समुद्री शेवाळ लागतं. शेंगदाण्याचा कूट आणि कणकेच्या गोळ्यांवर हे मासे जगत नाहीत, मैत्रिणींनो. तसं जगवलं तर खंगून मरतात.

म्हणजे बघा कसा पेच आहे. त्याला त्याचं अन्न दिलं तर आपल्या घरात झिंग्यांची पूड. नाही दिलं तर अन्नपाननिरोध. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण घोकले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. जिवाला बांधून ठेवणं हा त्यातला पहिलाच. काचेची टाकी म्हणजे बंध नाही तर दुसरं काय? हा निळा मासा पूर्ण वाढला की फूटभर होतो. प्रवाळांच्या रानात दिवसभर पोहणारा जीव. त्याला आम्ही चार फुटांच्या टाकीत ठेवणार होतो आणि त्याला जीवदया म्हणणार होतो.

या पेचातून बाहेर पडायचा एकच रस्ता आहे, आणि तो आणण्याआधीचा आहे. आणूच नका.

‘पण आजारी होता, म्हणून आणला’

ताईंचं मन मला ठाऊक आहे, त्यात खोट नव्हती. पण दुकानाचा हिशोब मनाला ओळखत नाही. ताईंनी अर्धे पैसे दिले. दुकानदाराला काय कळलं? की मरायला टेकलेला मासाही विकला जातो, फक्त गिऱ्हाईक कोवळ्या मनाचं पाहिजे. रिकाम्या झालेल्या जागी त्यानं दुसरा मागवला असणार. आपण एक मासा सोडवला नाही, पुढच्या माशासाठी जागा करून दिली.

आणि हे मासे येतात कुठून? क्लाऊनफिशची पैदास आता टाक्यांमध्ये होते, आपल्या कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंही ती साधली आहे. पण समुद्री शोभेच्या माशांपैकी बहुतेक जाती आजही समुद्रातून पकडूनच येतात. या निळ्या माशाची टाकीत पैदास पहिल्यांदा जमली ती २०१६ साली, अमेरिकेत फ्लोरिडात, आणि बाजारात येतात ते अजूनही मुख्यतः पकडलेले. इंडोनेशिया, फिलिपिन्सकडे मासा गुंगवून पकडायला पाण्यात सायनाईड मारण्याची चाल बंदी असूनही पूर्ण गेलेली नाही. त्यानं आजूबाजूचं प्रवाळही मरतं. एका माशामागे किती जीव जातात याचा हिशोब मी तांब्याच्या बाटलीपाशी मांडत होते. तो दुकानाच्या पायरीवर मांडायला हवा होता.

एक कायद्याचंही सांगते. टाकीत सजावटीला खरं प्रवाळ ठेवलेलं मी बंगल्यांमधून पाहिलं आहे. आपल्या देशात दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडा २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. कोणी ‘शो’ म्हणून दिलं तरी घेऊ नका.

‘मुलांना जीवदया शिकायला मिळते’ असं मंडळात एकजण म्हणाली. काय शिकतात? की जीव पैशानं मिळतो, आवडला की आणायचा, मेला की दुसरा. मुलांना मासे दाखवायचे तर पहिल्या पावसात कर्जतला या. वलगणीचे मासे ओढ्यातून उलटे चढताना पुलावरून दिसतात. पाहा आणि घरी या. एक पैसा लागत नाही.

‘वास्तूला चांगलं असतं, लक्ष्मी येते’ हे तर मी ऐकूनच घेत नाही. दुसऱ्या जिवाला डांबून येणारी लक्ष्मी सम्यक्त्व असलेल्या घरात कशाला हवी?

‘मग नदीत सोडून देऊ’

हे सगळ्यात धोक्याचं, कारण यात अभयदानाचा सुवास आहे. निळा मासा आजारी असताना शेजारच्या एक काकी म्हणाल्या होत्या, ‘पाताळगंगेत सोडा गं, मोकळा होईल.’ आमच्या कर्जतलाही लोक उल्हासच्या पाण्यात मासे, कासवं सोडून हात जोडतात.

समुद्राचा मासा नदीत सोडणं म्हणजे त्याला मारणं. खाऱ्या पाण्यातल्या माशाचं शरीर सारखं पाणी पिऊन जास्तीचं मीठ बाहेर टाकत असतं. त्याला गोड्या पाण्यात सोडलं की उलटं होतं, पाणी शरीरात घुसत राहतं आणि अंगातलं मीठ निघून जातं. तो फुगून, तडफडून मरतो. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे जगतात, पण तेही वाईटच. उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात सकर मासे येतात ते कुणाच्या तरी टाकीतलेच. ते स्थानिक माशांच्या जिवावर उठतात. आणि समुद्री मासा अलिबागला नेऊन सोडू म्हणाल, तर तोही त्याचा समुद्र नव्हे, शिवाय रोग सोबत नेणार. लायनफिश नावाचा आपल्याकडच्या समुद्रातला मासा १९८५ च्या सुमारास फ्लोरिडाच्या किनाऱ्याला दिसला, टाक्यांमधून सुटलेला किंवा सोडलेला. आज तिकडच्या समुद्रात तो लहान माशांचा फडशा पाडतो आहे.

मैत्रिणींनो, हे आपल्याला पाश्चात्त्यांनी शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर वारणाकाठचं. आजी दुहेरी धडक्यातून पाणी गाळायची, सगळ्यांच्याच आज्या गाळायच्या. पण गाळल्यावर काय करायची? फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच धुवायची, आणि ती जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत पोचवायची. तीही वरून फेकून नाही. तळाला कडी असलेली बादली पाण्यापर्यंत सोडायची, टेकली की उलटी करायची, म्हणजे जीव आपटत नाहीत. एकदा मी कंटाळून जिवाणी जवळच्या ओढ्यात ओतली, तर आजीनं पुन्हा पाणी गाळायला लावलं. म्हणाली, ‘परक्या पाण्यात जीव तगत नाही बाळ.’

डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी जी बाई एवढी काळजी घ्यायची, तिच्या नातीनं इंडोनेशियाच्या समुद्रातला जीव खोपोलीच्या हॉलमध्ये पाहून हात जोडले आणि ‘पुण्य’ लिहिलं. मृगसेन धीवराची गोष्ट आपण मुलांना सांगतो. जाळ्यात पहिला आलेला मासा सोडायचा असं व्रत त्यानं घेतलं, तोच मासा पाच वेळा आला आणि पाचही वेळा त्यानं तो सोडला. कुठं सोडला? ज्या पाण्यातून काढला त्याच पाण्यात. विकत घेऊन नाही, घरी आणून नाही, दुसऱ्या नदीत नाही. अभयदान म्हणजे त्याच्या पाण्यात त्याला राहू देणं.

मग करायचं काय

ज्यांच्या घरी टाकी नाही, त्यांनी आणू नये. दुकानातला आजारी मासा पाहून पोटात कालवलं तर त्या पैशाची पावती जवळच्या पांजरपोळीत फाडा. दुकानदाराला मात्र ‘आजारी मासा विकू नका, त्याला औषध द्या’ असं स्पष्ट सांगून या. आपण बायका भाजीवाल्याशी एका रुपयासाठी भांडतो, इथंही भांडू शकतो.

ज्यांच्या घरी आहे, त्यांनी नवा आणू नये. जुना असेपर्यंत त्याला त्याचं अन्न, त्याचं पाणी, आजारात औषध द्यावं, आणि जी हिंसा घडते तिची रोज आलोचना करावी. कंटाळा आला म्हणून नदीत नाही, ओळखीच्या गळ्यात नाही. नीट सांभाळणारा कोणी खात्रीचा मिळाला तर त्याच्याकडे द्यावा, नाहीतर शेवटपर्यंत आपण.

वाचलेला क्लाऊनफिश ताईंच्या घरी आहे. हा मासा चांगला ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो, असं कळल्यावर ताईंनी कपाळाला हात लावला होता. भाचा तेव्हा सत्तावीस वर्षांचा असेल. फ्रिजच्या एका वेगळ्या डब्यात झिंग्यांच्या वड्या आहेत, आणि त्या फ्रिजशी ताई रोज भांडतात. मी त्यांना म्हटलं, ‘ताई, हे आपलं प्रायश्चित्त समजा. पुढचा मासा आणला नाही म्हणजे झालं.’

भाच्यानं माझ्याशी महिनाभर नीट बोलणं टाळलं. दशलक्षणाच्या शेवटी क्षमावाणीच्या दिवशी मी खोपोलीला जाऊन त्याची क्षमा मागितली, मोठेपणा बाजूला ठेवून. त्यानं ‘उत्तम क्षमा मामी’ म्हटलं आणि मला माशाला खाऊ घालायला दिलं. चिमूटभरच घालायचं असतं. जास्त झालं तर पाणी बिघडतं.

ग्रुपवर ‘पुण्याचं काम’ असं लिहिलं होतं, ते इथं मागे घेते. कुणाला माझं बोलणं लागलं असेल तर तुमचीही क्षमा मागते, बोलणं मात्र मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.